औषधाचं युद्ध कसं थांबवलंत? (दमा, स्पेसर, चिंचोके आणि किल्ल्यावरचे मावळे)

रानजाई | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहायचं मनात होतं. आज लेक लवकर झोपला, म्हणून बसले.

मुलगा साडेचार वर्षांचा आहे. आषाढात त्याला तिसऱ्यांदा ॲडमिट करावं लागलं आणि तेव्हा डॉक्टरांनी 'वारंवार होणारी सर्दी' हे शब्द सोडून सरळ 'दमा' म्हटलं. बुडेसोनाईड या स्टिरॉइडचा पंप, स्पेसर (पंप आणि मास्क यांच्या मधली प्लॅस्टिकची पोकळ नळी), मास्क. सकाळ-रात्र, रोज, बरं वाटत असलं तरी. आणि धाप लागली तर निळा पंप.

पहिले दहा दिवस कसे गेले ते आठवलं तरी पोटात गोळा येतो. स्पेसरची झडप 'टक्' अशी वाजते. तो आवाज आला की हा डायनिंग टेबलाखाली. मग बाबाने पाय धरायचे, मी डोकं, सासूबाई बाजूने "घे रे राजा, घे रे सोन्या". त्याचं रडणं, आमचा घाम, आणि पंप दाबला की सगळे सुटकेचा श्वास टाकायचे, गेलं एकदाचं औषध!

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी आम्हाला त्यांच्यासमोरच औषध द्यायला लावलं. बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "हे छातीत जात नाहीये." रडणारं मूल लांबलचक श्वास सोडतं आणि मध्ये हिसका मारल्यासारखा छोटासा श्वास घेतं. औषध तोंडात आणि घशात बसतं. त्यात मास्क हलला की उरलेलं कडेने निसटतं. म्हणजे दहा दिवस आम्ही लेकराला दाबून धरलं, रडवलं, आणि औषध जवळजवळ दिलंच नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

डॉक्टरांनी एका समुपदेशक ताईंकडे पाठवलं. त्यांनी पहिलं वाक्य सांगितलं ते असं, की औषध देणं आणि औषधाची सवय लावणं ही दोन वेगळी कामं आहेत, वेगळ्या वेळी करा. सकाळ-रात्रीचं औषध मांडीवर घेऊन, जमेल तितक्या शांतपणे चालू ठेवायचं. सवय लावायचं काम मात्र दुपारी, पंप न लावता.

मग दुपारी स्पेसर खेळण्यांच्या टोपलीत गेला. आधी हत्तीला दमा झाला. मग आजीला. मग बाबाला. दोन-तीन दिवसांनी त्याने स्वतःच मास्क गालाला लावला, एक म्हणेपर्यंत. लगेच शाबासकी, पण 'गुड बॉय' अशी मोघम नाही, तर "तू मास्क स्वतःच्या हाताने गालाला लावलास!" अशी, जे केलं ते नेमकं सांगून. मग नाकावर, तीन म्हणेपर्यंत. मग श्वास. आणि इथे एक गंमत झाली. शांत श्वास घेतला की झडप एका लयीत वाजते, टक्... टक्... टक्. त्याच्या बाबाला सुचलं, "अरे, घोड्याच्या टापा!" ज्या आवाजाला घाबरून तो टेबलाखाली जायचा, तोच आवाज काढायला तो मास्क मागायला लागला. सहा टापा झाल्या की घोडा गडाच्या दाराशी.

टापांवरून गड आला आणि गडावरून मावळे. रोज सकाळ-रात्र औषध घेतलं की बरणीत एक चिंचोका टाकायचा, त्याच क्षणी, त्याच्याच हाताने. चौदा चिंचोके झाले की रविवारी कुंभारवाड्यातून एक मातीचा मावळा, दिवाळीच्या किल्ल्यासाठी. आज सात मावळे कपाटात रांगेत उभे आहेत. एक भालदार आहे, त्याचा भाला घरी येईपर्यंतच मोडला, पण त्याच्यावर याचा सगळ्यात जीव आहे.

तुम्ही काय काय केलंत, काय जमलं, काय अंगाशी आलं, ते सांगा. आणि दिवाळीनंतर काय करायचं? किल्ला मोडला की औषधही बंद व्हायचं, ही भीती आहे.

पिंपळपान | सोमवार, रात्री ११:१५

टापा! वाचूनच डोळ्यांत पाणी आलं. आम्ही अजून पाय धरण्याच्या टप्प्यावर आहोत. उद्या दुपारपासून हत्तीला दमा.

नीरफणस | मंगळवार, सकाळी ७:०५

धागा छान. एक काळजी मात्र लगेच सांगते. साडेचार वर्षांच्या मुलाच्या हातात चिंचोके नकोत. आमच्या पुतण्याने याच वयात नाकात घातला होता, काढायला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं लागलं. बाटल्यांची मोठी झाकणं, लाकडी ठोकळे, मोठे शिंपले असं काहीतरी घ्या.

रानजाई | मंगळवार, सकाळी ७:३०

नीरफणस, मनापासून आभार. हे डोक्यातच आलं नव्हतं. आज संध्याकाळी बरणी बदलते. दापोलीहून आणलेले शिंपले आहेत, चांगले मोठे.

गव्हाळ | मंगळवार, सकाळी ९:५०

आमची मुलगी सहा वर्षांची, सोलापूरला असतो. आमच्याकडे फ्रिजवर तक्ता आहे. औषधाच्या चांदणीबरोबरच ज्या दिवशी खोकला आला नाही त्या दिवशी जास्तीची सोनेरी चांदणी देतो. तिलाही हुरूप येतो आणि आम्हालाही महिना कसा गेला ते एका नजरेत दिसतं. तुम्ही पण करून बघा.

रानजाई | मंगळवार, दुपारी २:२०

गव्हाळ, राग मानू नका, पण ती सोनेरी चांदणी आजच काढा. हे आम्ही केलं होतं. वर लिहायचं धाडस झालं नव्हतं, आता लिहिते.

चौथ्या आठवड्यात आम्हाला वाटलं, औषध तर घेतोय, आता 'खोकला नाही' यालाही एक चिंचोका देऊ. पाच दिवस सलग मिळाले. आम्ही खूश. सहाव्या रात्री दोनच्या सुमारास मी पाणी प्यायला उठले. त्याच्या खोलीतून दबका आवाज येत होता. दिवा लावला तर हा भिंतीकडे तोंड करून, उशी तोंडावर घट्ट दाबून खोकत होता. केस घामाने कपाळाला चिकटलेले. बरगड्यांच्या मधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. मी उशी काढली तर मला म्हणाला, "आई, मी नाही खोकलो."

निळ्या पंपाने तेवढ्यापुरतं उतरलं आणि अर्ध्या तासात परत. पहाटे दवाखाना, वाफ, ऑक्सिजन, तोंडाने स्टिरॉइड. गाडीत तो एकच विचारत होता, माझा मावळा जाणार का.

खोकला त्याच्या हातात नाही. जे त्याच्या हातात नाही त्यावर आम्ही बक्षीस लावलं, तेव्हा त्याच्या हातात एकच गोष्ट उरली, लपवणं. आणि त्याने तेच केलं. अजिबात खोटारडं नाही माझं लेकरू. आम्ही त्याला ते शिकवलं.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सगळं उलटं करायला सांगितलं. खोकला आला, छाती जड वाटली, तर ते येऊन सांगितल्याबद्दल चिंचोका. आमच्याकडे त्याचा शब्द आहे, 'छातीत मांजर आलंय'. ती घरघर ऐकली तर खरंच मांजर गुरगुरल्यासारखी वाटते. मांजर आलंय हे सांगितलं की चिंचोका, रात्री दोन वाजता आईला उठवून सांगितलं तरी.

गव्हाळ | मंगळवार, दुपारी २:५१

वाचून हातपाय गार पडले. परवा शाळेतून मैत्रिणीची आई म्हणाली, तुमची मुलगी खेळाच्या तासाला बसून होती, खोकत होती. घरी तिने सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सोनेरी चांदणी लावली होती मी.

चांदण्या काढल्या. आज शाळेतून आली की तिच्याशी बोलते.

रानजाई | मंगळवार, दुपारी ३:०४

रागावू नका तिला. "सांगितलंस की आम्ही खूश होतो", एवढंच.

वाटसरू | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

प्रामाणिक शंका. सांगितल्याचं बक्षीस लावलं तर मुलं उगाच सांगणार नाहीत का? आमचा पाच वर्षांचा तर दिवसातून दहा वेळा मांजर आणेल.

कडुनिंब | मंगळवार, रात्री ९:३०

मी बालरोगतज्ज्ञ आहे, नाशिकला. वाटसरू यांची शंका रास्त आहे, पालक नेहमी विचारतात.

आणू दे मांजर. पहिला आठवडा आणेल, मग नवलाई संपेल. खोट्या मांजराची किंमत तुमची दोन मिनिटं, लपवलेल्या मांजराची किंमत रानजाईंनी लिहिलीच आहे. एक पथ्य मात्र पाळा. बक्षीस सांगण्याला द्या, निळ्या पंपाला नको. पंपाला शिंपला मिळतो असं मुलाच्या मनात बसलं तर ते शिंपल्यासाठी पंप मागेल. सांगितलं, शिंपला दिला, मग तुम्ही बनियन वर करून छाती बघा. बरगड्यांमध्ये किंवा गळ्याखाली खड्डा पडतोय का, नाकपुड्या फुलतात का, एक पूर्ण वाक्य सलग बोलता येतंय का. पंप द्यायचा का, किती, हे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या कागदावरून तुम्ही ठरवायचं. असा कागद मिळाला नसेल तर पुढच्या भेटीत मागून घ्या, तो फ्रिजवर लागला पाहिजे. ओठ निळसर दिसले, बोलता येईना, पंप देऊनही आराम पडला नाही किंवा थोड्याच वेळात पुन्हा धाप लागली, तर तक्ता, शिंपले सगळं बाजूला. १०८ किंवा मिळेल ते वाहन. अटॅकच्या वेळी सौदा करू नये, समजूत घालत बसू नये. पण बघा, ज्या मुलाने बरं असताना हत्तीला मास्क लावलाय ते धाप लागल्यावरही मास्क ढकलत नाही. दुपारच्या खेळाचा खरा फायदा त्या रात्री होतो.

आता औषध देण्याच्या पद्धतीबद्दल, कारण बक्षीस बरोबर आणि पद्धत चूक असं मी रोज पाहतो. पंप आधी नीट हलवायचा. मास्क नाक-तोंडावर घट्ट, कडेला फट नको. एका वेळी एकच पफ, मग पाच-सहा शांत श्वास. दोन पफ एकदम दाबायचे नाहीत. दुसरा द्यायचा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची आणि मास्क लावला असेल तर चेहराही पुसायचा. म्हणून मी पालकांना सांगतो की पंप दात घासण्याच्या आधी ठेवा. औषध, ब्रश, चूळ ही एकच साखळी झाली की विसरणंही कमी होतं. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात धुवून तसाच हवेवर वाळू द्यायचा, आतून फडक्याने पुसायचा नाही. पुसल्याने प्लॅस्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध आतल्या भिंतींना चिकटून बसतं.

चाफेकळी | मंगळवार, रात्री १०:१२

कडुनिंब डॉक्टर, एक विचारते. आमच्या सासरी सगळ्यांचं एकच, पंपाची सवय लागते, स्टिरॉइडने उंची खुंटते. मृगाला हैदराबादला नेऊन माशाचं औषध देऊ म्हणतात. मुलगी औषध घ्यायला तयार आहे, घरचे तयार नाहीत. त्यांच्यासाठी काही बक्षीस आहे का?

कडुनिंब | बुधवार, सकाळी ६:५५

त्यांना पुढच्या भेटीत बरोबर घेऊन या, त्यांच्या तोंडावर समजावून सांगणं हे डॉक्टरचं काम आहे, सुनेवर टाकू नये.

तोवर दोन गोष्टी सांगा. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, मुलांना बहुधा दिवसाला काही शे मायक्रोग्रॅम. अटॅक आला की तोंडाने स्टिरॉइड द्यावं लागतं ते मिलिग्रॅममध्ये. पंधरा किलोच्या मुलाला दिवसाला पंधरा मिलिग्रॅम किंवा जास्त, म्हणजे किमान पंधरा हजार मायक्रोग्रॅम, असे तीन ते पाच दिवस. औषधं वेगळी असल्याने तुलना तंतोतंत नाही, पण अंदाज येतो. रोजचा पंप टाळून आपण स्टिरॉइड टाळत नाही, मोठ्या डोसची वाट बघत बसतो.

उंचीचं म्हणाल तर थोडा परिणाम होतो, तो लपवायचं कारण नाही. अमेरिकेत ५ ते १३ वयाच्या हजारावर मुलांचा अभ्यास झाला होता. त्यात काही वर्षं बुडेसोनाईड घेतलेली मुलं मोठी झाल्यावर इतरांपेक्षा सरासरी १.२ सेंटीमीटरने कमी उंच होती. २०१२ साली हे प्रसिद्ध झालं. एवढी तफावत एका बाजूला आणि रात्र-रात्र न झोपलेलं, शाळा बुडवणारं, पळू न शकणारं मूल दुसऱ्या बाजूला. शिवाय आम्ही डोस कमीत कमी करतच आणतो. व्यसन लागत नाही. माशाच्या औषधाचा उपयोग होतो असा पुरावा नाही. त्यासाठी पंप बंद करणं धोक्याचं आहे, एवढं नक्की पाळा.

खारीचा_वाटा | बुधवार, सकाळी १०:२५

मी विशेष शिक्षिका आहे, वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांबरोबर काम करते. रानजाईंना भेटलेल्या ताई मी नव्हे, पण त्यांनी जे करवून घेतलं ते अगदी शास्त्रशुद्ध आहे. अवघड कृतीचे बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला ताबडतोब दाद द्यायची. मानसशास्त्रज्ञ स्किनरने गेल्या शतकात प्राण्यांवरच्या प्रयोगांतून जे मांडलं तेच, फक्त इथे प्रेमाने.

दोन गोष्टींची सगळ्यांकडून गल्लत होते. एक म्हणजे बक्षीस आणि लाच. मूल टेबलाखाली गेल्यावर "बाहेर ये, चॉकलेट देते" म्हणणं ही लाच आहे, कारण त्यातून मूल टेबलाखाली जायला शिकतं. आधी ठरलेलं, काम झाल्यावर मिळणारं, ते बक्षीस. दोघांत चॉकलेट तेच असेल, फरक क्रमाचा आहे.

दुसरं, कमावलेलं काढून घ्यायचं नाही. कितीही त्रास दिला तरी. आज औषध घेतलं नाही तर आजचा शिंपला नाही, संपलं. कालचे सहा त्याचेच. काढून घेतलं की बरणी ही शिक्षेची वस्तू होते. आणि औषध चुकलं म्हणून ओरडा बसला की मूल पुढच्या वेळी "घेतलं" असं सांगून मोकळं होतं.

दिवाळीनंतर काय, हा रानजाईंचा प्रश्न. एकदम बंद करू नका. आधी वस्तू लांबवा, चौदाऐवजी वीस शिंपल्यांना मावळा, मग तीसला. पण शाबासकी आणि टापा रोज. वस्तूंची जागा हळूहळू हक्कांना द्या. आज गोष्ट कोणती हे तो ठरवणार, रविवारी नाश्त्याला काय हे तो ठरवणार. लहान मुलांना आपलं म्हणणं चालतंय यासारखं बक्षीस नाही. आजारात तर त्यांचं कशावरच चालत नसतं, म्हणून ते अधिक हवं असतं. मास्क डाव्या हाताने की उजव्या, पंप आईने दाबायचा की बाबाने, हे रोज विचारा. औषध घ्यायचं का, हे मात्र कधीच विचारू नका.

काही पालक म्हणतात, बक्षिसांनी मूल लोभी होतं. १९७३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत एक प्रयोग झाला होता. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडायचं, त्यांना आधी कबूल करून बक्षीस दिलं, तर नंतर त्यांचं चित्रं काढणं कमी झालं. म्हणून आवडीच्या कामाला बक्षीस लावू नये, हे खरं. पण स्पेसर तोंडाला लावायची मुळात आवड असलेलं मूल मी अजून पाहिलेलं नाही. तिथे बक्षीस जरूर लावा.

पिंपळपान | बुधवार, दुपारी १२:४०

हे छापून फ्रिजवर लावलं.

मोगरी | बुधवार, रात्री ८:१८

आमची लेक तेरा वर्षांची. चांदण्या-शिंपले दाखवले तर तोंड फिरवते. दोन वर्षं "पंप घेतलास का?" हा घरातला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न होता आणि उत्तर कायम "हो". पंपावर किती पफ उरले ते दाखवणारा आकडा असतो. तो एक दिवस बघितला तर महिन्यात जेमतेम अर्धे कमी झाले होते.

भांडण झालं. मग शांत झाल्यावर तिच्या डॉक्टरांनी तिलाच विचारलं, तुला काय करायचंय जे दम्यामुळे करता येत नाही. ती म्हणाली, राजगड. वर्गातली सगळी गेली होती, मी तिला पाठवलं नव्हतं. मग ठरलं. मी रोज विचारायचं नाही. दर रविवारी आकडा दोघींनी मिळून बघायचा, दोन मिनिटं. सहा आठवडे आकडा बरोबर राहिला आणि डॉक्टर हो म्हणाले तर राजगड, मैत्रिणींबरोबर, माझ्याशिवाय.

मला सगळ्यात कठीण गेलं ते न विचारणं. जीभ चावून बसायचे. तिसऱ्या रविवारी आकडा चार पफांनी चुकला, तिने स्वतः सांगितलं की सहलीच्या दोन दिवशी राहिला. मी फक्त म्हटलं, सांगितलंस ते बरं केलंस. माघात जाऊन आली. गुंजवण्याच्या बाजूने चढली, निळा पंप बॅगेच्या वरच्या कप्प्यात. फोटोत तिचा चेहरा असा काही लाल झाला होता, पण तो दम्याचा नव्हता.

खडूफळा | गुरुवार, दुपारी ४:३०

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, बीड जिल्ह्यात. इथली गोष्ट थोडी वेगळी आहे.

चौथीत एक मुलगी आहे, तिला पंप आहे. आईने पहिल्याच दिवशी हात जोडून सांगितलं, बाई, कुणाला कळू देऊ नका, पुढं लग्नाला अडचण येते. नऊ वर्षांच्या पोरीच्या लग्नाची चिंता! पण आईला नावं ठेवू शकत नाही, गावात तसं बोललं जातं खरंच. त्यामुळे टाळ्या, शाबासकी, फळ्यावर नाव, यातलं काही तिच्यासाठी करता येत नाही. सगळ्यांसमोर केलेलं कौतुकही तिला शिक्षाच वाटेल.

आमची खूण ठरली आहे. छाती भरून आली की ती बाकावर दोन बोटं ठेवते. मी तिला ऑफिसातून हजेरीपट आणायला पाठवते, मागोमाग मी जाते. पंप माझ्या ड्रॉवरमध्ये असतो. परत आल्यावर मीही टेबलावर दोन बोटं ठेवते. तेवढंच तिचं बक्षीस. आधी ती तास संपेपर्यंत सोसायची, आता वेळेवर बोटं ठेवते. खडूच्या धुळीचा त्रास व्हायचा म्हणून फळा मी ओल्या फडक्याने पुसते, कारण कुणालाच सांगितलेलं नाही.

स्पेसर त्यांना महाग वाटतो. काही स्वस्त सोय आहे का, कडुनिंब सर?

कडुनिंब | गुरुवार, रात्री ९:४८

बाई, तुम्हाला नमस्कार.

अर्ध्या लिटरची पाण्याची प्लॅस्टिकची बाटली स्पेसर म्हणून चालते. केपटाऊनच्या डॉक्टरांनी दमा उसळलेल्या मुलांवर हे तपासून १९९९ साली प्रसिद्ध केलं होतं. बुडाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचं भोक, पंप घट्ट बसला पाहिजे, फट नको. बाटलीच्या तोंडाने मुलीने श्वास घ्यायचा. नऊ वर्षांच्या मुलीला मास्कची गरज नाही. धार नीट घासा आणि पहिल्यांदा तिच्या डॉक्टरांकडून करून घ्या, म्हणजे भोक बरोबर पडेल.

चाफेकळी | शुक्रवार, सकाळी ११:०२

अजून एक विचारायचं होतं. मुलीला दम्यासाठी मॉन्टेलुकास्टची चघळायची गोळी पण आहे. गोळी चवीला चांगली, ती आनंदाने घेते. पण गेला महिनाभर रात्री किंचाळून उठते, दिवसा चिडचिड. आम्हाला वाटलं पंपाचं टेन्शन असेल, म्हणून बक्षिसं वाढवली.

कडुनिंब | शुक्रवार, दुपारी १:१५

बक्षिसांचा प्रश्न नसावा हा. त्या गोळीने काही मुलांना वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी असा त्रास होतो. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२० च्या मार्चमध्ये तिच्यावर सर्वात कडक इशारा छापायला लावला. आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि हे असंच्या असं सांगा. पंप चालू ठेवा.

मूल औषधाला नको म्हणतं तेव्हा ते दर वेळी हट्टच असतो असं नाही. कडू लागतं, घसा खवखवतो, हात थरथरतात (निळ्या पंपाने थरथरतात), स्वप्नं पडतात. बक्षीस लावण्याआधी "काय होतं तुला?" असं एकदा विचारायला हवं.

चाफेकळी | शुक्रवार, रात्री ९:२०

फोन केला. गोळी थांबवायला सांगितली, सोमवारी बोलावलंय. सासरेही येतो म्हणालेत.

सातासमुद्रापार | शनिवार, पहाटे ३:३३

इंग्लंडमधल्या लेस्टरहून. इथे रोजचा पंप तपकिरी आणि धाप लागल्यावरचा निळा, त्यामुळे मुलाच्या तोंडी "आधी चॉकलेटी, मग ब्रश" असं बसलंय. सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्या की दर वर्षी मुलांचे अटॅक वाढतात, सर्दीची साथ वर्गावर्गातून फिरते. तिकडे जूनमध्ये शाळा आणि पाऊस एकदमच येतात, तेव्हा बरणीचा खेळ मे महिन्याच्या सुट्टीत ढिला पडू देऊ नका. आम्ही सुट्टीत भारतात आलो की नेमका तिथेच खंड पडतो. आता आजोबांकडे दुसरी बरणी ठेवली आहे, सांगलीला.

नीरफणस | शनिवार, सकाळी ८:१०

घरात धाकटं-मोठं असेल तर मोठ्याला विसरू नका. माझी मोठी एकदा म्हणाली, मला पण दमा हवा होता. त्या दिवशी तिला किल्लेदार केलं. श्वास ती मोजते, बरणीचं झाकण ती उघडते, आणि तिचाही शिंपला पडतो.

रानजाई | भाऊबीज, रात्री ११:२०

इतके दिवस सगळं वाचत होते, लिहायला आज वेळ झाला.

किल्ला झाला. अकरा मावळे. मोडक्या भाल्याचा मावळा महादरवाज्यात, कारण तो सगळ्यात शूर, असं सांगण्यात आलं. माती कालवण्याचं काम बाबाने गच्चीत केलं, धूळ उडू नये म्हणून. अळीव पेरले होते ते छान उगवले.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खिडक्या बंद करून बसलो होतो तरी खालच्या फटाक्यांचा धूर जिन्यातून वर आला. घरात पाहुणे, माझ्या हातात फराळाचं ताट. हा आतून चालत आला, माझा पदर ओढला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आई, मांजर आलंय. लहान आहे अजून."

ताट तसंच खाली ठेवलं. बरणीत शिंपला टाकला, आतल्या खोलीत नेलं, छाती बघितली. थोडा खड्डा पडत होता. निळा पंप, कागदावर लिहिला होता तसा. मास्क त्याने स्वतः धरला. पहिल्या पफच्या टापा भराभर पडत होत्या, पुढच्यांच्या सावकाश होत गेल्या. वीस मिनिटांनी तो चकली खात किल्ल्यापाशी बसला होता. दवाखान्यात जावं लागलं नाही.

पुढच्या आठवड्यापासून वीस शिंपल्यांना एक वस्तू. त्याने यादी दिली आहे, पहिली मागणी 'खरी बैलगाडी'.

गव्हाळ | भाऊबीज, रात्री ११:४८

आमच्याकडे तिने मांजराचं कबूतर केलंय. दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी खेळाच्या तासाला सरांना सांगितलं म्हणे, "सर, कबूतर आलं." सरांना काही कळलं नाही, पण त्यांनी मला फोन केला.

रानजाई | भाऊबीज, रात्री ११:५५

सरांना कबूतर सांगून ठेवा उद्याच. निळा पंप शाळेत आहे ना तिचा?

गव्हाळ | पुढच्या दिवशी, सकाळी ६:४०

नव्हता. दुसरा घेतलाय, नाव घालून दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवला. शाळा उघडली की सरांना भेटून कागदाची प्रतही देते.